विचारायला माणूस हवा

अमेरिकेच्या नैऋत्येकडचे न्यू मेक्सिको हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठे, सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र २१ लाखांच्या आसपास. एकट्या नागपूर शहरात राहतात त्याहूनही कमी माणसे सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत विखरून टाकली, तर न्यू मेक्सिकोचा अंदाज येईल. मधे वाळवंट, डोंगर, आदिवासींच्या राखीव जमिनी आणि मैलोन् मैल ओसाड रस्ते. अवघड दुखण्यांवरचे तज्ज्ञ बहुतेक एकाच शहरात, अल्बुकर्कीत. लहान गावात एखादा फॅमिली डॉक्टर असला तर असला. नाहीतर औषधे लिहून देण्याचा परवाना असलेली नर्स दवाखाना सांभाळते.

२००३-०४च्या सुमारास या राज्यात हेपटायटिस सीची लागण झालेले अंदाजे २८ हजार लोक होते आणि त्यांतल्या शेकडा पाच जणांनाही उपचार मिळालेले नव्हते. हा विषाणू रक्तावाटे पसरतो : दूषित सुई, न तपासता चढवलेले रक्त, नशेसाठी एकमेकांची वापरलेली सिरिंज. शरीरात शिरल्यावर तो वीस-तीस वर्षे यकृतात मुक्काम करतो आणि बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते. मग कधीतरी पोटात पाणी होते, रक्ताच्या उलट्या होतात. सिरॉसिस झालेला असतो किंवा थेट कर्करोग.

त्या काळचा उपचारही दुखण्याइतकाच धसका घ्यावा असा होता. आठवड्याला इंटरफेरॉनचे एक इंजेक्शन आणि जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या; विषाणूच्या प्रकाराप्रमाणे २४ किंवा ४८ आठवडे. ताप आणि अंगदुखी तर गृहीतच. शिवाय रिबाव्हिरिनने तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन घसरते, इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि काही रुग्णांना इतके नैराश्य येते की आत्महत्येचे विचार येऊ लागतात. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा कमीजास्त करत राहावे लागे. गावातला डॉक्टर याला हात लावायला धजत नसे, आणि त्यात त्याचे फारसे चुकत होते असे म्हणता येणार नाही. तो एकच करू शकत असे : चिठ्ठी लिहून अल्बुकर्कीला पाठवणे. तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ-आठ महिने जात.

त्या दवाखान्यात डॉ. संजीव अरोरा बसत. पोटाच्या आणि यकृताच्या विकारांचे तज्ज्ञ. वैद्यकीचे पहिले शिक्षण पुण्यातल्या एएफएमसीत झालेले. त्यांनी अनेक व्यासपीठांवरून एक हकिकत सांगितली आहे. चाळिशीतली एक बाई, पदरात दोन मुले, काही तास गाडी चालवून त्यांच्याकडे आली. लागण झाल्याचे तिला कित्येक वर्षांपूर्वीच कळले होते. पण वर्षभरात इतक्या लांबच्या डझनभर खेपा, प्रत्येक खेपेला बुडणारा रोजगार आणि मुलांना कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न. तिने उपचार घेतलेच नाहीत. पोट दुखू लागले तेव्हा आली, तोवर यकृतात गाठ झाली होती. काही महिन्यांत ती गेली. जगात औषध उपलब्ध होते, राज्यात ते देणारा डॉक्टर होता, आणि तरीही ती गेली.

अशा वेळी सहसा सुचणारे मार्ग आपल्याला पाठ आहेत. आणखी तज्ज्ञ नेमा. तज्ज्ञांना गावोगाव शिबिरांना पाठवा. रुग्णाला भाडे द्या. अरोरांनी वेगळाच हिशेब मांडला. आपण दिवसरात्र बाह्यरुग्ण विभागात बसलो तरी २८ हजारांना पुरे पडणार नाही. पण गावातल्या वीस डॉक्टरांना हा एक आजार आपल्याइतकाच चांगला हाताळायला शिकवला, तर वीस नवे दवाखाने तयार होतील आणि रुग्णाला गाव सोडावे लागणार नाही. २००३ साली त्यांनी सुरू केलेला हा उपक्रम ‘प्रोजेक्ट एको’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या टप्प्यात २१ ठिकाणे जोडली गेली. त्यांतले १६ गावांतले दवाखाने होते आणि ५ चक्क तुरुंग, कारण हेपटायटिस सीचे प्रमाण कैद्यांमध्ये फार मोठे होते.

शिकवायचे कसे, यातच सगळी मेख आहे. एमबीबीएस झालेला मुलगा किंवा मुलगी निवासी डॉक्टर म्हणून एखाद्या विभागात लागते, तेव्हा ती पुस्तकातून कमी आणि राउंडमध्ये जास्त शिकते. खाटेजवळ उभे राहून केस सांगायची, वरिष्ठ प्रश्न विचारणार, बाजूचा सहकारी म्हणणार की मागच्या आठवड्यात माझ्याकडेही असाच एक होता. तीन वर्षे हे रोज चालते आणि हळूहळू हात बसतो. गावात गेल्यावर नेमके हेच तुटते. प्रोजेक्ट एकोने ही राउंड व्हिडिओच्या पडद्यावर आणली, बाकी फार काही नवे केले नाही. मला तरी या कल्पनेची ताकद तिच्या साधेपणातच दिसते.

बैठक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दीड-दोन तासांची. एका बाजूला तज्ज्ञांचा गट, ज्याला ‘हब’ म्हणतात. त्यात एकटा यकृततज्ज्ञ नसतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधशास्त्राचा जाणकारही असतो, कारण रुग्णाचे यकृत सुधारत असताना त्याचे मन खचत असू शकते. दुसऱ्या बाजूला पडद्यावरच्या चौकटींतून दिसणारे गावोगावचे डॉक्टर आणि नर्सेस. एखादे छोटे व्याख्यान होते, पंधरा-वीस मिनिटांचे. उरलेला सगळा वेळ केसेसना.

केस साधारण अशी असे. पुरुष, वय ५१, विषाणूचा पहिला प्रकार, उपचाराचा सहावा आठवडा. हिमोग्लोबिन १४ वरून १० वर आले आहे, दम लागतो, बायको सांगते की चिडचिड वाढली आहे. गावच्या डॉक्टरचा प्रश्न : औषध थांबवू का? रुग्णाचे नाव कुणालाही सांगितले जात नाही. वय, तपासण्या, औषधे आणि प्रश्न एका ठरलेल्या फॉर्मवर आधीच पाठवलेले असतात. तज्ज्ञ लगेच उत्तर देऊन मोकळे होत नाहीत. आधी इतर गावांतल्या डॉक्टरांना बोलू दिले जाते. कुणी विचारते, हृदयाचा जुना त्रास आहे का? कुणी सांगते की माझ्या रुग्णाला असेच झाले तेव्हा रिबाव्हिरिनची मात्रा कमी केली आणि निभावले. मग तज्ज्ञ आपले मत देतात : औषध बंद नको, मात्रा उतरवा, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा, आणि नैराश्यासाठी हे चार प्रश्न विचारा. शेवटी सल्ला लेखी पाठवला जातो. पुढच्या महिन्यात तोच डॉक्टर तोच रुग्ण घेऊन पुन्हा हजर, पुढे काय झाले ते सांगायला.

यात दोन गोष्टी घडतात. एका डॉक्टरची केस असते, पण ऐकणारे वीसही शिकतात. वर्षभरात प्रत्येकाच्या कानांवरून शेकडो रुग्ण जातात, स्वतःच्या दवाखान्यात त्याने जन्मभरात पाहिले नसते इतके. आणि दुसरी, माझ्या मते अधिक महत्त्वाची : रुग्ण ज्याचा त्याचाच राहतो. औषध गावचा डॉक्टर लिहितो, जबाबदारी त्याची, बरे वाटले की रुग्ण नमस्कार करतो तोही त्यालाच. हब फक्त पाठीशी असते.

इथेच दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याहून ही पद्धत वेगळी पडते. आपल्याकडची ई-संजीवनी सेवा २०१९च्या अखेरीस सुरू झाली आणि कोविडकाळात घराघरांत पोहोचली. तिथे रुग्ण किंवा आरोग्य केंद्रातला कर्मचारी दूरच्या डॉक्टरशी बोलतो आणि त्या रुग्णापुरता सल्ला मिळतो. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उद्या तसाच दुसरा रुग्ण आला की पुन्हा रांगेत उभे राहायचे. तज्ज्ञाचा वेळ तेवढाच राहतो, फक्त बसचे तिकीट वाचते.

गावातला साधा डॉक्टर तज्ज्ञाइतका चांगला उपचार करू शकेल यावर वैद्यक जगताचा सहजासहजी विश्वास बसणार नव्हता. म्हणून अरोरा आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केले. जून २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. एकूण ४०७ रुग्ण. १४६ विद्यापीठाच्या दवाखान्यात आणि २६१ गावांतल्या व तुरुंगांतल्या केंद्रांवर. विद्यापीठात ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा हद्दपार झाला, गावांत ५८.२ टक्के. म्हणजे फरक नाहीच. गंभीर दुष्परिणाम मात्र विद्यापीठात १३.७ टक्के रुग्णांत दिसले आणि गावांत ६.९ टक्के. यावरून गावचा डॉक्टर तज्ज्ञापेक्षा सरस ठरला असे म्हणणे घाईचे होईल. कुणी कुठे उपचार घ्यायचे हे या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही गटांतले रुग्ण सारखेच होते असे नाही. पण ‘गावात हे जमणारच नाही’ हा आक्षेप त्या दिवशी निकालात निघाला.

त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली : अफूजन्य पदार्थांचे व्यसन, मधुमेह, एचआयव्ही, क्षयरोग, मुलांमधला दमा, वेदनाशमन. न्यू मेक्सिकोच्या तुरुंगांत तर २००९ पासून कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन इतर कैद्यांचे आरोग्यशिक्षक बनवले जाऊ लागले. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेने या पद्धतीचा अभ्यास करण्याचा कायदा केला. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ९७ मते पडली आणि विरोधात एकही नाही. सध्याच्या वॉशिंग्टनात हे नवलच. प्रोजेक्ट एकोने २०२५ पर्यंत शंभर कोटी लोकांच्या आयुष्याला स्पर्श करण्याचे ध्येय जाहीर केले होते. असल्या आकड्यांसमोर मी जरा सावध होतो. ‘स्पर्श’ मोजणार कसा?

सावध होण्याला आणखीही कारण आहे. त्या कायद्याने मागवलेला अहवाल २०१९ मध्ये आला. डॉक्टरांचे ज्ञान आणि आत्मविश्वास वाढतो याचे पुरावे त्यात बरेच सापडले. रुग्ण प्रत्यक्षात किती बरे झाले याचे पुरावे मात्र हेपटायटिस सी सोडता तोकडेच निघाले. हेपटायटिस सीचा निकाल लावणे सोपे, विषाणू रक्तात आहे किंवा नाही. मधुमेह किंवा नैराश्यात इतका स्वच्छ निकाल हाती लागत नाही. पैशांचाही प्रश्न आहे. अमेरिकेत डॉक्टरला रुग्ण तपासल्याचे पैसे मिळतात, दुसऱ्या डॉक्टरला शिकवल्याचे मिळत नाहीत. त्यामुळे हे काम बरेचसे अनुदानांवर चालते, आणि अनुदान आटले की पडदा काळा.

भारतातले याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पंजाबचे. तिथे हेपटायटिस सीचा प्रादुर्भाव मोठा होता. तोवर इंटरफेरॉनचा जमाना संपून सोफोसब्युव्हिरसारखी तोंडाने घ्यायची औषधे आली होती; बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घेतल्या की पुरे. २०१६ मध्ये पंजाब सरकारने ही औषधे मोफत द्यायचे ठरवले. पण देणार कोण? चंदीगडच्या पीजीआयमधल्या यकृततज्ज्ञांनी जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना एको पद्धतीच्या बैठकांतून तयार केले. २२ जिल्हा रुग्णालये आणि ३ वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून दोन वर्षांत ४८ हजारांहून अधिक रुग्ण पाहिले गेले, बहुसंख्य ग्रामीण. विषाणूमुक्तीचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. बंगळुरूच्या निम्हान्सने मानसिक आरोग्यासाठी हीच वाट धरली, आणि तिला एक सुंदर जोडही दिली : प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आपले नेहमीचे रुग्ण तपासत असताना मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओवरून शेजारी बसल्यासारखा हजर राहतो आणि तिथल्या तिथे दाखवतो की या डोकेदुखीमागे नैराश्य कसे ओळखायचे.

महाराष्ट्राला यातले काही नवे वाटू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी निवडलेल्या गावोगावच्या आरोग्यसेविका, ज्यांच्यातल्या कित्येक दलित आणि निरक्षर होत्या, नियमाने जामखेडला जमत. आपापल्या गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकत आणि परत जात. व्हिडिओ नव्हता, एसटी होती. शिकण्याची रीत तीच : एका वेळच्या प्रशिक्षणावर न भागवता पुन्हा पुन्हा भेटायचे, आपली केस मांडायची, दुसरीची ऐकायची.

आणि शहाणपण नेहमी शहराकडूनच गावाकडे जाते असेही नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिले की मृत्यू हृदयावर ताण येऊन आणि फुप्फुसांत पाणी भरून होतो. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यांनी वापरात आणले आणि दंशानंतर गंभीर झालेल्यांत जिथे शंभरातले तीस-चाळीस जात, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. हे ज्ञान मुंबईच्या कुठल्या मोठ्या रुग्णालयात सापडणे शक्यच नव्हते. तिथे इतके विंचू चावतात कुठे? पण बावस्करांना आपले म्हणणे इतर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला वर्षे घालवावी लागली. त्या काळी आठवड्याची एखादी बैठक असती आणि कोकणातले वीस डॉक्टर तीत असते, तर प्राझोसिन किती लवकर पसरले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एको पद्धतीत तज्ज्ञांना शेवटी बोलायला लावतात ते याचसाठी.

आज आपल्याकडे परिस्थिती काय आहे? केंद्राच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत, जितके तज्ज्ञ हवेत त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांची वानवा आहे. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अशा चौघांची अपेक्षा. पुष्कळ ठिकाणी यांतला एकही नाही. प्राथमिक केंद्रावर बंधपत्राची वर्षे भरणारा ताजा एमबीबीएस किंवा बीएएमएस झालेले डॉक्टर, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, सिस्टर आणि आशाताई. रात्री अडलेली बाळंतीण आली की १०८ ला फोन करायचा आणि पुढे पाठवायचे. चूक झाली तर नातेवाईक अंगावर येतात, पाठवले तर कुणी बोलत नाही. मग पाठवण्याची सवय लागते आणि जे येत होते तेही विसरायला होते.

त्यात आपल्या सरकारी दवाखान्यांत व्हिडिओवरून जमण्याला एक वेगळाच इतिहास चिकटलेला आहे. ‘आज व्हीसी आहे’ म्हटले की वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो. व्हीसी म्हणजे वरिष्ठांनी आकडे विचारायचे : उद्दिष्ट का पूर्ण नाही, पोर्टलवर नोंदी का नाहीत. तिथे ज्याने-त्याने आपली बाजू सावरायची असते. एकोच्या बैठकीला याच्या अगदी उलट स्वभाव लागतो. ‘हे मला कळत नाही’ असे वीस जणांसमोर म्हणता आले पाहिजे. ज्या पडद्यावर काल नोटिशीची धमकी मिळाली, त्याच पडद्यावर आज आपले अज्ञान उघड करायला कोण तयार होईल? दुसरा धोका व्याख्यानाचा. प्राध्यापक मंडळींना ऐंशी स्लाइड दाखवण्याचा मोह आवरत नाही, ऐकणारे कॅमेरा बंद करून ओपीडी उरकतात आणि हजेरी लागते. कागदोपत्री प्रशिक्षण झाले, कामात काहीही बदलले नाही.

सुरुवात करायला विषय शोधत बसण्याची गरज नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासण्यांवर भर आला. पण निदान झालेल्या मुलाला पुढे काय? हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, आयुष्य सुसह्य होते. मात्र ते देताना रक्तातल्या पेशी मोजत राहाव्या लागतात, मात्रा जुळवावी लागते, आणि त्यामुळे गावातला डॉक्टर बिचकतो. इंटरफेरॉनच्या वेळचीच ही गोष्ट. एका जिल्ह्यापासून आरंभ होऊ शकतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विभागांनी आठवड्याचा एक तास द्यावा. आरोग्य खात्याने तो तास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ड्यूटी चार्टवर छापून द्यावा, त्या वेळी त्याला दुसऱ्या कुठल्याही बैठकीला बोलावू नये, आणि त्या तासाचा अहवाल मागू नये. बोलणाऱ्यांत जिल्हा आरोग्य अधिकारी नसतील तर उत्तमच.